गोड्या पाण्यातली बुडालेली जहाजं : टोबरमोरीचं 'स्वीपस्टेक्स' आणि बाकी मंडळी

पाणकावळा

मागे लक्षद्वीपच्या धाग्यावर मी "एकदा गोड्या पाण्यात डाइव्ह करून बघा" असं लिहिलं आणि लगेच विचारणा झाली, की तिथे बघायला असतं काय? ना प्रवाळ, ना रंगीत मासे. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

बघायला जहाजं असतात. अख्खी. दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी शिडाची जहाजं, फळीला फळी लागलेली, कठडे जागेवर, नांगराचा रहाट जागेवर. समुद्रात या वयाचं लाकडी जहाज शोधायला गेलात तर बहुतेक वेळा दगडांचा ढीग, दोन नांगर आणि वाळूत रुतलेली थोडी खालची लाकडं एवढंच हाती लागतं.

मी ज्याबद्दल लिहितोय ते टोबरमोरी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, ब्रूस द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला आहे. एका बाजूला ह्युरन सरोवर, दुसऱ्या बाजूला जॉर्जियन बे. टोरांटोहून गाडीने साधारण तीनशे किलोमीटर, रहदारी नसेल तर चार तास. गाव एवढंसं. रस्ता संपतो तिथे मॅनिटूलिन बेटाकडे जाणारी मोठी फेरी उभी असते. आसपासचं पाणी आणि बेटं मिळून 'फॅदम फाइव्ह' हे राष्ट्रीय सागरी उद्यान १९८७ साली झालं. त्याच्या हद्दीत वीसहून जास्त बुडालेली जहाजं आहेत. इतकी का, हे नकाशा पाहिला की कळतं. दोन मोठ्या जलाशयांमधली चिंचोळी वाट, मधे बेटं आणि पाण्याखाली दडलेले खडक, वर ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळं. शिडं आणि होकायंत्र एवढ्यावर चालणाऱ्या जहाजांना ही जागा म्हणजे काळच होता.

त्यातलं माझं लाडकं स्वीपस्टेक्स. दोन डोलकाठ्यांचं स्कूनर (शिडाच्या जहाजाचा एक प्रकार), १८६७ साली ओंटारिओतल्याच बर्लिंग्टनला बांधलेलं, लांबी सुमारे छत्तीस मीटर. ऑगस्ट १८८५ मध्ये कोव्ह बेटापाशी खडकावर चढलं. एका टगबोटीने ओढून त्याला टोबरमोरीच्या 'बिग टब' या खाडीवजा बंदरात आणलं, पण तळ इतका फुटला होता की दुरुस्ती परवडणारी नव्हती. सप्टेंबरात ते तिथेच बसलं. आतला कोळसा नंतर काढून घेतला. गंमत म्हणजे बिग टबच्या तोंडावर दीपगृह उभं राहिलं ते याच १८८५ साली.

खोली किती? सहा-सात मीटर. म्हणजे दोन मजली घराएवढी. स्नॉर्कल लावून वरून सगळं दिसतं. म्हणूनच बरेच डायव्हर नाक मुरडतात, "ते तर स्नॉर्कलवाल्यांचं". माझं मत नेमकं उलट आहे. टोबरमोरीला जाऊन एकच जहाज बघायचं असेल तर हेच बघावं, आणि घाई न करता बघावं. चाळीस मीटरवर तुमच्याकडे मोजून काही मिनिटं असतात आणि त्यातली अर्धी घड्याळ नि गेज बघण्यात जातात. इथे टाकी संपेपर्यंत एका जागी थांबता येतं.

मी थांबतो ते नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी. नांगर ओढायचा रहाट तिथे अजून आहे. आडवा, जाडजूड लाकडी ओंडका, त्याला लोखंड जडवलेलं, भार उलटा फिरू नये म्हणून दातेरी कडं. उजव्या बाजूचा कठडा सुरेख टिकलाय. त्याच्या बाजूने डोळे फळीपासून हातभर अंतरावर ठेवून हळूहळू सरकत जायचं. फळ्या नाळेकडे कशा वळवत आणल्यात, जोड कुठे दिलाय, कुठे सुताराने पट्टी मारून निभावून नेलंय, सगळं वाचता येतं. मधे डेकवरच्या मोकळ्या जागेतून खाली काळोख दिसतो. त्या काळोखाच्या तोंडाशी बास मासे रखवालदारासारखे हलत उभे असतात. ऊन असेल तर वरच्या लाटांची जाळी डेकभर फिरते.

आता हे टिकलं का? मुख्य कारण समुद्रातली लाकूड पोखरणारी कीड. नाव किडीचं असलं तरी तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे, टेरेडो म्हणतात. त्याला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात तो जगत नाही. त्यात पाणी थंड, त्यामुळे कुजवणारे जंतू सुस्त. मीठ नसल्याने लोखंडही सावकाश गंजतं. जितकं खोल, तितका प्रकाश कमी, लाटांचा आणि बर्फाचा मार कमी, आणि जहाज तितकं शाबूत.

थंडीचं काय ते खाली प्रतिसादांत बोलू. विचारा.

वाचनमात्र

भारी! फोटो कुठेत? फोटोशिवाय डाइव्हचा धागा म्हणजे रश्श्याशिवाय मिसळ.

नीरजा_के

मस्त लिहिलंय. मी तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला होता, नंतर गोव्यात ग्रँड आयलंडला थोडे डाइव्ह. सगळं अठ्ठावीस-एकोणतीस अंशांच्या पाण्यात. ऑगस्टमध्ये बहिणीकडे ब्रॅम्प्टनला जातेय. माझ्यासारखीला झेपेल का? आणि वेटसूट चालेल का?

पाणकावळा

@नीरजा_के, स्वीपस्टेक्स नक्की झेपेल. ऑगस्टमध्ये वरचं पाणी अठरा-वीस अंशांपर्यंत जातं, सहा-सात मीटरपर्यंत साधारण तेवढंच राहतं. सात मिलिमीटरचा वेटसूट, डोक्याला हुड, हातमोजे. हुड टाळू नका. पहिल्यांदा घातला की गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणून किनाऱ्यावर दहा मिनिटं घालून बसा.

त्याच्या खाली गेलात की गणित बदलतं. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खालचं थंड पाणी खालीच राहतं. मधली सीमा, थर्मोक्लाइन, कधी कधी डोळ्यांनी दिसते, उन्हात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते ना, तशी. ती ओलांडली की तोंडाचा उघडा भाग बधिर. पाण्याची घनता चार अंशांना सर्वांत जास्त असते, त्यामुळे या सरोवरांच्या तळाशी भर ऑगस्टमध्येही चार-पाच अंशाचं पाणी बसलेलं असतं. तिथे ड्रायसूटच हवा, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा सूट.

आणि तारकर्लीतल्या सवयीने एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे पाण्यात खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायची वजनं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के हलकं. समान सूट धरला तर तुम्ही आणि तुमचा सरंजाम मिळून नव्वद किलो असेल तर सव्वादोन किलो वजन कमी लागेल. पण सात मिलिमीटरचा सूट तुम्हाला वर खेचणार, म्हणजे पुन्हा वाढवावं लागणार. तेव्हा गोव्याचा आकडा विसरा आणि उथळ पाण्यात नव्याने तपासून घ्या.

देवगडचो झील

टेरेडोबद्दल वाचून आजोबांची आठवण झाली. आमच्याकडे लाकडी होड्यांना माशाचं तेल पाजायचे, दरवर्षी. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकून ठेवायची, त्याचं एक कारण दर्या खवळलेला असतो हे, आणि दुसरं, लाकूड सुकलं की आतली कीड मरते. तेव्हा एवढं कळत नव्हतं. एकदा जुन्या होडीची फळी मोडली तर आत सगळ्या पांढऱ्या नळ्या. बाहेरून फळी एकदम साबूत, रंगसुद्धा टवटवीत.

म्हणजे त्या सरोवरात आमच्या आजोबांचं निम्मं काम वाचलं असतं.

पाणकावळा

@देवगडचो झील, वा! त्या पांढऱ्या नळ्या म्हणजे तोच. पोखरत जाताना मागे चुन्याचं अस्तर लावत जातो. बाहेरचं भोक टाचणीच्या टोकाएवढं, म्हणून वरून काही कळत नाही.

खडूस

माझा प्रश्न जरा वेगळा. जिथे माणसं बुडून मेली तिथे आपण हौसेने फिरायला जायचं, फोटो काढायचे, हे जरा विचित्र नाही वाटत? रेल्वे अपघाताच्या जागी आपण सहल काढत नाही.

पाणकावळा

@खडूस, रास्त प्रश्न. पण स्वीपस्टेक्सवर कुणीही दगावलं नाही, जहाज बंदरात येऊन निवांत बसलं. शेजारीच 'सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स' ही आगबोट आहे, ती १९०७ साली पेट घेऊन जळाली. आणि जिथे माणसं गेली तिथे वेगळे नियम आहेतच. सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे प्रचंड मालवाहू जहाज एकोणतीस माणसांसह बुडालं. एकही मृतदेह वर काढला गेला नाही. तिथे ओंटारिओ सरकारच्या परवान्याशिवाय जाता येत नाही. नातेवाइकांच्या इच्छेने १९९५ मध्ये त्याची घंटा वर काढली आणि तिच्या जागी एकोणतीस नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. असंच बंधन ओंटारिओ सरोवरातल्या 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' या १८१३ साली बुडालेल्या दोन जहाजांवर आहे.

खडूस

घंटेचं माहीत नव्हतं. ठीक आहे, आक्षेप अर्धा मागे. उरलेला अर्धा सेल्फीवाल्यांसाठी राखून ठेवतो.

मिशिगनवासी

छान धागा. सरोवराच्या या बाजूने थोडी भर घालतो. मी डायव्हर नाही, पण मिशिगनमधल्या अल्पीनाला थंडर बे अभयारण्याचं संग्रहालय आहे तिथे मुलांना घेऊन जातो. हे राष्ट्रीय सागरी अभयारण्य २००० साली झालं, २०१४ मध्ये त्याची हद्द बरीच वाढवली. तिथली काही जहाजं पाहून थक्क व्हायला होतं. 'कॉर्नेलिया बी. विंडिएट' हे तीन डोलकाठ्यांचं स्कूनर १८७५ च्या डिसेंबरात गव्हाच्या खेपेसह गायब झालं. मिळालं ते शंभर वर्षांनंतर, पन्नासहून जास्त मीटर खोल, सरळ उभं, केबिनसकट.

पण माझ्या मनातून जात नाही ती 'आयर्नटन'ची गोष्ट. १८९४ च्या सप्टेंबरात रात्री आयर्नटन आणि 'ओहायो' ही जहाजं धडकली. ओहायोवरचे सगळे वाचले. आयर्नटनचे सात जण होडीत उतरले, पण होडी जहाजाला बांधलेली दोरी कुणाला सोडता आली नाही. जहाज गेलं, त्याच्याबरोबर होडी गेली. दोघेच वाचले. त्यांनी सांगितलेली हकीकत वर्तमानपत्रात छापून आली होती. २०१९ मध्ये जहाज सापडलं, तिन्ही डोलकाठ्या उभ्या. आणि मागच्या बाजूला, तळावर, ती होडी. अजून जहाजाला बांधलेली.

सुलभाताई

बापरे. शेवटचं वाक्य वाचून हातातला चहा तसाच राहिला.

ढगातला पंत

एवढं गंभीर झालंय तर थोडा विरंगुळा. सुपीरियर सरोवरातली 'गुनिल्डा'. ही तेलसम्राट हार्कनेस कुटुंबातल्या एका श्रीमंताची वाफेवर चालणारी आलिशान याट. १९११ च्या ऑगस्टमध्ये शेठ रॉसपोर्टकडे निघाले. स्थानिक लोकांनी सांगितलं, इथे खडक आहेत, वाटाड्या घ्या. शेठ म्हणाले, कशाला उगाच पैसे. पुढे मॅगार्व्ही शोल नावाच्या खडकावर जहाज असं चढलं की नाक आभाळात.

मग ओढायला टगबोट आली. तिच्यावरच्या जाणत्याने सांगितलं, जहाज कलंडेल, आधार द्यायला आणखी एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) आणा. शेठ म्हणाले, नको, असंच ओढा. ओढलं. जहाज सुटलं, कलंडलं, पाणी भरलं आणि गेलं ऐंशी मीटर खाली. विम्याचे पैसे मिळाले म्हणे, म्हणजे शेठ तसे हुशारच. प्रसिद्ध सागर-संशोधक जाक कूस्तोच्या चमूने १९८० मध्ये तिथे जाऊन पाहणी केली तेव्हा जहाज थक्क व्हावं इतकं चांगलं होतं.

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला की मला गुनिल्डाच आठवते.

खडूस

पंत, दंडवत. पण तिथे डायव्हरही मेले आहेत ना? एवढ्या खोल?

ढगातला पंत

हो. दोघे, वेगवेगळ्या वेळी. ते विनोदात घेण्यासारखं नाही, मान्य.

अतरंगी_अभय

पाणकावळा, धागा आवडला. पण तुम्ही 'अरेबिया'ला अगदीच टाळलंत! मी डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स केलाय, अंदमानला तीस मीटरला गेलोय. टोबरमोरीला जाऊन अरेबिया न करणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस बघून परत येण्यासारखं. यंदा मी थेट तेच करणार आहे.

पाणकावळा

@अतरंगी_अभय, टाळलं नाही, राखून ठेवलं होतं.

अरेबिया हे १८५३ साली किंग्स्टनला बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज. १८८४ च्या ऑक्टोबरात शिकागोहून मका भरून मिडलंडला निघालं होतं, वादळात सापडलं, रात्रभर पंप मारूनही पाणी आवरेना. खलाशी होडीतून निसटले, जहाज एको बेटाजवळ गेलं. १९७१ मध्ये सापडलं. खोली पस्तीस मीटरच्या आसपास. पुढचा सोंडेसारखा दांडा अजून समोर रोखलेला, नांगर, पंप, मागे सुकाणूचं चाक. खरंच देखणं आहे, वाद नाही.

पण तिथे अनेक डायव्हर दगावलेत. आणि ते नवखे होते म्हणून नव्हे, त्यांच्याकडे तुमच्यासारखीच प्रमाणपत्रं होती. अंदमानचे तीस मीटर आणि इथले पस्तीस मीटर यांत पाच मीटरचा फरक नाही. पंचवीस अंशांचा आहे.

काय होतं ते सांगतो. टाकीतली दाबाखालची हवा रेग्युलेटरच्या (हवेचा दाब उतरवून ती तोंडाशी देणाऱ्या यंत्राच्या) पहिल्या टप्प्यात एकदम प्रसरण पावते, त्यामुळे ती गार होते. बाहेरचं पाणी आधीच चार अंश. मग त्या भागातलं पाणी गोठतं, झडप उघडी अडकते आणि हवा भसाभस सुटते. फ्री-फ्लो. खोलवर टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते. बुडबुड्यांनी काही दिसत नाही, हातमोजे जाड, त्यात खोलवर श्वासातल्या नायट्रोजनने नशा चढल्यासारखं डोकं जड झालेलं. साधी गोष्ट, जोडीदाराचा पर्यायी रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, पण बोटं ऐकत नाहीत. म्हणून थंड पाण्यासाठीचा बंदिस्त रेग्युलेटर, स्वतंत्र झडपेची दुसरी टाकी, आणि ड्रायसूटची सवय ही आधी उथळ पाण्यात झालेली हवी.

अतरंगी_अभय

रेग्युलेटरचं समजलं, पण ड्रायसूट भाड्याने मिळतो ना? एका दिवसात सवय होते म्हणतात.

थंडगार

मधे पडतो. मी या सरोवरांत बरीच वर्षं टेक्निकल डायव्हिंग (हौशी मर्यादेपलीकडचं, खोल पाण्यातलं) करतोय, अन्यथा इथे फक्त वाचत असतो.

अभयराव, ड्रायसूटमध्ये हवा असते. वर येताना ती फुगते. झडपेतून वेळेवर सोडली नाही तर तुम्ही बाटलीच्या बुचासारखे वर जाता. पायात हवा गेली तर उलटे. तळाशी निवांत असताना हे सोपं वाटतं, गडबडीत नाही. मी पस्तीस मीटरवर अशी गडबड जवळून बघितली आहे. तो माणूस वाचला, पण पुढचे काही तास रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे घाईने वर आलेल्या डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायच्या खोलीत, गेले. टोबरमोरीला चेंबर आहे हे नशीब, आणि ते तिथे आहे ते उगाच नाही.

माझ्या मते क्रम असा ठेवा. पहिला दिवस दीपगृहापाशी किनाऱ्यावरून, ड्रायसूटमध्ये, फक्त वर-खाली. मग स्वीपस्टेक्स. मग 'वेटमोर', रसेल बेटापाशी, १९०१ च्या वादळातलं. नऊ-दहा मीटर, बॉयलर आणि नांगराच्या साखळ्या छान दिसतात. मग 'नायगारा २', तीस मीटरच्या आत, १९९९ मध्ये मुद्दाम बुडवलेलं, पोलादी. एवढं झाल्यावर पुढच्या वर्षी अरेबियाचा विचार करा. जहाज १८८४ पासून तिथेच आहे, पळून जात नाही.

अतरंगी_अभय

ठीक आहे, पटतंय. थोडा हिरमोड झाला, पण पटतंय. वेटमोर आणि नायगारा बुक करतो.

गुळाचा खडा

एक अडाणी प्रश्न. जहाजाच्या आत शिरता येतं का? पोटात?

पाणकावळा

स्वीपस्टेक्समध्ये मनाई. कारण मोठं मार्मिक आहे. तुम्ही सोडलेले बुडबुडे डेकच्या खालच्या बाजूला अडकतात. एका डायव्हरचे विशेष काही नाही, पण हजारो डायव्हर, वर्षानुवर्षं. ती अडकलेली हवा फळ्यांना खालून वर ढकलत राहते, आणि जिथे प्राणवायू नव्हता तिथे तो पोचतो. म्हणजे काहीही न तोडता, नुसता श्वास सोडून आपण जहाज मोडतो. उद्यानाने डेकला आतून आधारही दिलेत. लोक तरी "पाचच मिनिटं" म्हणून डोकं घालतात, तेव्हा माझा तोल जातो.

थंडगार

+१. आणि हातात घेण्याबद्दलही लिहा. जुन्या काळी, साठ-सत्तरच्या दशकात, डायव्हर कप्प्या, दिवे, चाकं, घंटा, जे सुटेल ते घरी नेत. कुणाच्या तरी तळघरात धूळ खात पडलंय ते सगळं. लाकूड तर पाण्याबाहेर काढून नुसतं वाळवलं की चिरफाळून जातं. आता ओंटारिओत कायद्याने बंदी आहे, एक खिळासुद्धा उचलायचा नाही.

नीरजा_के

मग आता जहाजांना धोका फक्त डायव्हरांचाच?

मिशिगनवासी

नाही हो, शिंपल्यांचा! झेब्रा आणि क्वागा. काळा समुद्र-कॅस्पियनकडचे हे शिंपले परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आले. १९८८ मध्ये डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा पहिल्यांदा सापडला, पाठोपाठ क्वागा. झेब्रा उथळात राहतो, क्वागा खोल आणि थंड पाण्यातही सुखाने नांदतो. जहाजावर असे थर चढवतात की खालचं लाकूड दिसत नाही. वजनाने भाग मोडतात, आणि थराखाली लोखंड लवकर गंजतं. खिळे गेले की फळ्या सुटल्या.

आमच्या नगरपालिकांनाही याचा ताप आहे, पाण्याचे पाइप तुंबतात.

पाणकावळा

आणि याची दुसरी बाजू डायव्हरांनाच ठाऊक. हे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात, त्यामुळे पाणी कमालीचं स्वच्छ झालंय. आज लांबपर्यंत जे दिसतं आणि आपण वाहवा करतो, त्यात या पाहुण्यांचा हात आहे. माशांच्या ताटातलं त्यांनी पळवलंय, तेही लक्षात ठेवायचं. सुपीरियर सरोवर बरंचसं वाचलंय, कारण तिथल्या पाण्यात कॅल्शियम कमी, कवच बांधायला माल नाही.

इंदापूरचा पाटील

आमच्याकडे उजनीच्या पोटात पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. तिथे असं डायव्हिंग सुरू करता येईल का? गोडंच पाणी आहे आणि देऊळ दगडी आहे, म्हणजे किडीचाही प्रश्न नाही.

थंडगार

पाटीलसाहेब, कल्पना झकास. अडचण पाण्याची. भीमेतून अर्ध्या पुणे जिल्ह्याचं सांडपाणी तिथे येतं, गाळ आणि शेवाळ इतकं की हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. आणि वर्षातून एकदा देऊळ स्वतःच वर येत असेल तर चालत जाऊन बघणं उत्तम.

देवगडचो झील

आपल्याकडे त्यापेक्षा 'गुलदार'कडे लक्ष ठेवा. नौदलातून निवृत्त झालेली ही नौका निवतीजवळच्या समुद्रात डायव्हरांसाठी ठेवायची योजना आहे. पोलादी आहे, म्हणजे टेरेडो उपाशी.

पाणकावळा

हो, आणि तिथे मजा वेगळी असेल. कोमट पाण्यात पोलादावर काही वर्षांत जीवसृष्टी चढते, जहाज बघायला गेलेला माणूस मासे बघून येतो. इथे उलटं. जहाजावर काही उगवत नाही म्हणून जहाजच दिसतं.

सुलभाताई

मला पोहता येत नाही आणि गुडघे दुखतात, पण तुमचं स्वीपस्टेक्स बघायची इच्छा झाली आहे. जुलैत लेकाकडे वॉटर्लूला येतेय. काही सोय आहे का, की नुसतं वाचूनच समाधान मानू?

पाणकावळा

सुलभाताई, अगदी आहे. टोबरमोरीच्या धक्क्यावरून काचेच्या तळाच्या बोटी सुटतात, त्या बिग टबमध्ये जाऊन स्वीपस्टेक्स आणि ग्रँड रॅपिड्स दोन्हींवरून सावकाश फिरतात. मोठ्या बोटींत खाली वाकायचीही गरज नाही, कठड्यावरूनच अख्खा सांगाडा दिसतो. वारा पडलेला दिवस निवडा आणि ऊन डोक्यावर असेल तेव्हाची फेरी घ्या, तिरप्या उन्हात पाणी नुसतं चकाकतं. जुलैत शनिवार-रविवारी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मधला वार बघा आणि तिकीट आधी काढून ठेवा. बहुतेक फेऱ्या पुढे फ्लॉवरपॉट बेटावर नेतात. तिथे उतरलं तर खडकाळ वाटेने चालावं लागतं, गुडघ्यांना त्रास होईल. तेव्हा न उतरता परत येणारी फेरी कोणती, हे खिडकीवर विचारून घ्या.

नीरजा_के

आणि डायव्हरांना नोंदणी लागते ना? ती बोटवाले करतात का?

पाणकावळा

नाही, स्वतः करायची. पार्क्स कॅनडाचं केंद्र गावात शिरतानाच लागतं. प्रमाणपत्राचं कार्ड जवळ ठेवा, मोबाइलवर असलं तरी छापील प्रत असू द्या. तिथून टॅग मिळतो, तो सामानाला लावायचा. बिग टबमध्ये डायव्हर आणि पर्यटकांच्या बोटी एकमेकांच्या डोक्यावर येऊ नयेत म्हणून वेळा वाटून दिल्या आहेत. त्या दर हंगामाला बदलतात, तेव्हा त्याच खिडकीवर विचारा.

वाचनमात्र

फोटो?

पाणकावळा

टाकतो हो. रविवारी.